मॉर्गन डॉलरची ग्रेड: तीच नजर दुसऱ्यांदा कशी लावायची

माझ्या वहीत एका चांदीच्या डॉलरची नोंद तीनदा आहे. १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर. नाण्याची स्थिती पाहून त्याला १ ते ७० मधला जो आकडा देतात, ती त्याची ग्रेड. जानेवारीत मी त्याला ६४ दिले, मार्चमध्ये ६३, जूनमध्ये ६५. नाणं तेच, डबीतून बाहेरही निघालेलं नाही. जूनमध्ये टेबलावरचा दिवा बदलला होता आणि मार्चमध्ये मला सर्दी होती.

ग्रेडिंग शिकवणारे बहुतेक लोक नाण्याबद्दल बोलतात: कुठे झिजलंय, किती ओरखडे आहेत. ते लागतंच, खाली सगळं येईल. पण माझा अनुभव असा की नाणं वाचायला सहा महिन्यांत येतं. आज ज्याला ६३ म्हटलं त्याला पुढच्या महिन्यातही ६३ म्हणायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून हा लेख अर्धा नाण्याबद्दल आहे आणि अर्धा आपल्या डोळ्याबद्दल.

आधी नाण्याची ओळख

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ मध्ये पाडला गेला. नाव पडलं ते जॉर्ज टी. मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरक्याचं. छाप्यावर डावीकडे पाहणारी लिबर्टी, म्हणजे स्त्रीच्या रूपातलं स्वातंत्र्य, काट्यावर पंख पसरलेला गरुड. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. टांकसाळीची खूण काट्यावर, पानांच्या तोरणाच्या गाठीखाली असते: सॅन फ्रान्सिस्कोची एस, न्यू ऑर्लिन्सची ओ, कार्सन सिटीची सीसी, डेन्व्हरची डी (जुन्या नाण्यांत ही फक्त १९२१ ची). फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूणच नसते. ही खूण आधी पाहायची, कारण कोणत्या टांकसाळीकडून किती सुबक छाप अपेक्षित धरायचा हे तिच्यावर ठरतं.

या नाण्यांचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. १८७८ च्या कायद्याने सरकारला दरमहा किमान २० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडावी लागत होती. लोकांना एवढी जड नाणी नको होती, त्यामुळे कोट्यवधी डॉलर हजार-हजारच्या कॅनव्हास पिशव्यांत भरून तिजोऱ्यांत पडून राहिले. एक पिशवी जवळपास २७ किलोची. ती उचलली, आपटली, मोजायला रिकामी केली, पुन्हा भरली. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं, कधीही बाजारात न फिरलेलं नाणं आज सहज मिळतं, आणि त्याच्या गालावर दुसऱ्या नाण्यांनी मारलेले टोचेही असतात. झीज शून्य, पण अंगभर खुणा. मॉर्गनच्या ग्रेडिंगची सगळी गंमत आणि सगळी भांडणं इथेच आहेत.

बसायचं कसं

खोलीतले बाकीचे दिवे बंद. ट्यूबलाइटचा उजेड चारी बाजूंनी पसरतो आणि बारीक रेघा गिळून टाकतो, त्यामुळे तिच्याखाली मॉर्गन पाहूच नये. एकच टेबललॅम्प, त्यात एका बिंदूतून उजेड देणारा बल्ब. जुना ७५ किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब मिळाला तर उत्तम. दिवा डाव्या खांद्याच्या पुढे, नाण्यापासून हातभर. खाली घडी घातलेला मऊ टॉवेल, कारण नाणं कधी ना कधी सुटतंच. नाणं दोन बोटांनी कडेला धरायचं, अंगठा गालावर पडता कामा नये. भिंग ५ पटीचं पुरे. १० पटीच्या भिंगातून ६६ चं नाणंसुद्धा खडबडीत रस्त्यासारखं दिसतं आणि आपण उगाच कडक होतो.

पहिली १५ सेकंद भिंग उचलायचंच नाही. हातभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं आणि मनात आलेला पहिला आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहायचा. नंतर तो बदलला तरी चालेल, पण खोडायचा नाही.

चक्र फिरतंय का

आता नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं करा आणि गोल फिरवा. न वापरलेल्या डॉलरवर उजेडाचे दोन पट्टे मध्यातून निघून सायकलच्या आऱ्यांसारखे फिरतात. अमेरिकेतले संग्राहक याला गाडीचं चाक म्हणतात. हे होतं कशामुळे? साचा आदळला की धातू मध्यातून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म, किरणांसारख्या रेघा उमटवतो. उजेड खेळतो तो त्या रेघांवर. नाणं खिशात फिरलं की सगळ्यात आधी झिजतात त्या याच रेघा, केसाबिसांची पाळी बरीच नंतर येते.

म्हणून झीज शोधताना कोरीवकाम आधी पाहू नका. चक्र कुठे तुटतं ते पाहा. लिबर्टीच्या गालावरून जाताना पट्टा अडखळला, तिथे राखाडी, निस्तेज ठिपका दिसला, की नाणं फिरलेलं आहे. मग केस कितीही सुबक असोत, ग्रेड ५८ च्या वर जात नाही. मॉर्गनवर उंच जागा ठरलेल्या आहेत: कानावरचे आणि डोळ्यावरचे केस, गाल, टोपीवरच्या कापसाच्या पानांची टोकं, मागे गरुडाची छाती, पंखांच्या वरच्या कडा आणि पाय.

इथे मी एकदा सपाटून आपटलो आहे. एका नाणे-प्रदर्शनात १९०१ चा फिलाडेल्फियाचा डॉलर ‘न वापरलेला’ म्हणून घेतला. हॉलमध्ये डोक्यावर रांगेने ट्यूबलाइट. विकणारा गोड बोलणारा, नाणं पांढरं स्वच्छ. घरी येऊन टेबललॅम्प लावला, नाणं तिरकं केलं, आणि गालाच्या मधोमध नखाएवढा राखाडी डाग उठून आला. पुढे तो अधिकृतपणे ५८ ठरला. बाकी बऱ्याच वर्षांच्या डॉलरमध्ये ५८ आणि ६१ यांत काही जेवणांचाच फरक असतो, पण १९०१ चा फिलाडेल्फियाचा किंवा १८८४ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर वापरलेला भरपूर मिळतो आणि न वापरलेला फार दुर्मीळ असतो. तिथे त्या एका राखाडी डागाची किंमत पटीत मोजावी लागते. दुकानदाराला मी दोष देतो, पण हॉलबाहेर उन्हात जाऊन पाहायला मला कोणी अडवलं नव्हतं.

झीज की कच्चा छाप

न्यू ऑर्लिन्सच्या बऱ्याच नाण्यांवर कानावरचे केस सपाट असतात आणि गरुडाच्या छातीवर पिसं नसतात. नवा माणूस म्हणतो, झिजलंय. बहुतेकदा तसं नसतं. नाण्याच्या दोन्ही बाजूंचा मधला भाग साच्यात सर्वांत खोल असतो आणि तो एकमेकांच्या पाठीला येतो. साचे थोडे लांब ठेवले की ते जास्त टिकतात, पण मग धातू या खोल भागात पुरता पोचत नाही.

ओळखायचं असं. सपाट जागेवर भिंग धरा. छापच कच्चा असेल तर तिथे कोऱ्या चकतीवरचे बारीक खड्डे आणि रवाळपणा तसाच राहिलेला दिसतो, आणि रंग आजूबाजूसारखाच असतो. झीज असेल तर ती जागा घासलेल्या पायरीसारखी गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाची दिसते. शंका राहिली तर परत चक्राकडे जा. गालावर चक्र अखंड आणि कानावर केस नाहीत, तर दोष साच्याचा, नाणं बाजारात फिरलेलं नाही.

१८७९ ते १८८२ ची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी याच्या उलट: केसन् केस उमटलेला, गरुडाच्या छातीवरची पिसं मोजून घ्यावीत. म्हणूनच शिकायला १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर घ्या. तो मुबलक आहे, स्वस्त आहे, आणि छापाची भानगड बाजूला ठेवून फक्त खुणा पाहायला शिकवतो.

फिरलेल्या नाण्यांच्या पायऱ्या

इथे फार वेळ घालवत नाही, कारण खालच्या ग्रेडमध्ये मतभेद कमी होतात. कड पूर्ण, अक्षरं स्पष्ट, पण केस जवळजवळ सपाट: ४. चेहऱ्याकडेची केसांची रेघ स्वच्छ दिसायला लागली: १२. माथ्यापासून कानापर्यंतचे दोन-तृतीयांश केस दिसतात आणि कान नीट कोरलेला आहे: २०. कपाळावरचे आणि कानावरचे केस किंचित दबलेले, बाकी बारीक बटा शाबूत: ४०. उंच टोकांवर नुसती झिजेची चाहूल आणि खोलगट जागी चक्राचे अवशेष: ५० ते ५८.

६० च्या पुढे

६० ते ७० मध्ये झीज नसतेच. फरक पडतो तो खुणांची संख्या, आकार, जागा, झळाळी, छाप आणि एकूण देखणेपणा यांनी. यातली जागा सगळ्यात महत्त्वाची. लिबर्टीचा गाल आणि तिच्या चेहऱ्यासमोरचं डावीकडचं मोकळं मैदान, ही मॉर्गनची दर्शनी बाजू. केसांच्या गुंत्यात दडलेला मोठा टोचाही माफ होतो, गालावरचा त्याच्या निम्मा टोचा माफ होत नाही.

मी वहीत चार रकाने आखतो: गाल, समोरचं मैदान, बाकीचा छापा, काटा. हातभर अंतरावरून डोळ्याला दिसलेल्या खुणाच मोजतो. भिंगातून दिसणाऱ्या नंतर, आणि त्यांना अर्धी किंमत. दुसऱ्या नाण्याची दातेरी कड लागून उठलेल्या समांतर रेघा असतील तर त्या वेगळ्या लिहितो, कारण त्या डोळ्यात भरतात. माझा ठोकताळा असा: गालावर आणि मैदानात खुणांची गर्दी, झळाळी दबलेली, तर ६० ते ६२. खुणा आहेत पण चेहरा अजून चांगला दिसतो, ६३. दर्शनी भागात एक-दोनच ठळक खुणा, चक्र जोमदार, ६४. हातभर अंतरावरून गाल जवळपास साफ आणि नाणं हातात घेताच बरं वाटलं, ६५. ६६ आणि ६७ साठी शब्द नाहीत, शेजारी-शेजारी ठेवूनच ते कळतात.

काटा शेवटी पाहायचा. गरुड सुंदर म्हणून ग्रेड वर जात नाही, पण गरुड खराब असेल तर खाली नक्की येते.

आरशासारख्या नाण्यांबद्दल एवढंच. मोकळ्या भागासमोर छापील कागद उभा धरा. दोन ते चार इंचांवरून अक्षरं वाचता आली तर ते आरसेदार, सहा इंचांवरून वाचता आली तर खोल आरसेदार, आणि दोन्ही बाजू तशा हव्यात. आरशावर प्रत्येक खूण दुप्पट दिसते, हे गृहीत धरून पाहा.

उजळलेलं नाणं

आपल्याकडे चांदी काळी पडली की चिंच, लिंबू, टूथपेस्ट, नाहीतर सराफाकडून उजाळा. समईला चालतं. नाण्याची मात्र त्याने वाट लागते. पुसलेल्या नाण्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या रेघा राहतात आणि ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला आकडा न देता नुसता ‘तपशील’ असा शेरा देतात.

पण प्रत्येक रेघ पुसल्याची नसते. टांकसाळीत साचा घासून साफ करत, त्याच्या रेघाही नाण्यावर उतरतात. त्या उठावाच्या असतात आणि लिबर्टीच्या नाकाशी आल्या की थांबतात, कारण साच्याचा सपाट भागच घासला जात असे. पुसल्याच्या रेघा खोलगट असतात आणि मैदानातून गालावर, गालावरून केसांत बिनधास्त चढतात. नाणं गोल फिरवत हा एक फरक पाहायची सवय लावा.

रसायनात बुडवून काढलेलं नाणं ओळखणं अवघड. एकदा बुडवलं तर कळतही नाही. वारंवार बुडवलं की त्या सूक्ष्म रेघा विरघळतात, चक्र मरतं आणि नाणं पांढरं पण निर्जीव दिसतं, धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखं. रंग चढलेल्या नाण्यांचं उलट: खरा रंग पिवळ्यापासून लाल-जांभळ्याकडे, मग निळ्याकडे आणि हिरव्याकडे पायऱ्या-पायऱ्यांनी जातो आणि त्याखालून चक्र फिरताना दिसतं. रंग ओरखड्यांतही भरलेला आणि एकदम कापल्यासारखा संपत असेल तर मी ते नाणं परत ठेवतो.

खरं आहे ना?

पूर्वी सराफ रुपया दगडावर वाजवून पाहायचा, खणखणीत नाणं हा शब्द तिथलाच. डॉलर मात्र दगडावर टाकू नका. आधी वजन करा: नव्या नाण्याला कायद्याने जेमतेम ०.१ ग्रॅम इकडे-तिकडे चालत असे. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, आणि बारीक दोऱ्याने बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा २.५८ ग्रॅमच्या आसपास वाढला पाहिजे, कारण या मिश्रधातूची घनता १०.३४ आहे. नंतर पाणी मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका.

दुर्मीळ नाण्यांत धातू खरा आणि टांकसाळीची खूण चिकटवलेली असू शकते. १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉलरचे फक्त १ लाख नग पाडले गेले आणि सगळ्यांचा छाप्याचा साचा एकच होता. त्यामुळे लिबर्टी या शब्दातल्या टी अक्षराच्या वरच्या भागात एक बारीक उठावाची रेघ असतेच. ती नसेल तर पुढे बोलायचं कारण नाही.

आता डोळ्याची परीक्षा

७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी. ७० चं नाणं १ च्या ७० पट किमतीचं, इतका तो साधा हिशेब होता. किमती बदलल्या, हिशेब मोडला, आकडे उरले. पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली, नाणी प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये जाऊ लागली. तरी आत बसलेली माणसंच आहेत. सुरुवातीच्या काळातल्या स्लॅबमधली किती तरी नाणी फोडून पुन्हा पाठवली की वरची ग्रेड घेऊन येतात. २००७ पासून सीएसी ही कंपनी स्लॅबवरच्या ग्रेडचीच फेरतपासणी करून पटलेल्या नाण्यांवर हिरवा स्टिकर लावते. तपासणाऱ्यांना तपासणारे लागतात, यातच काय ते आलं.

तर घरी करायचं असं. १८८१ चे सॅन फ्रान्सिस्कोचे चार डॉलर घ्या, ६२, ६३, ६४ आणि ६५ चे, नावाजलेल्या कंपनीच्या स्लॅबमध्ये. ही तुमची वजनमापं. विकायची नाहीत. दर वेळी बसलात की आधी हे चार पाहायचे, तंबोरा लावून घ्यावा तसे, आणि मगच नवं नाणं.

दुसरं, लेबल झाकायचं. स्लॅबवर चिकटपट्टीने कागद लावा. आकडा दिसला की डोळा त्याच आकड्याची कारणं गोळा करू लागतो. ६५ वाचल्यावर गालावरचा टोचा ‘बारीक’ होतो. वीसेक नाणी घ्या, मित्राकडून क्रम बदलून घ्या, प्रत्येकाला ग्रेड द्या. वही बंद करा. आठवड्याने क्रम पुन्हा बदलून तेच करा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि लेबलशी जुळवण्याआधी एकमेकींशी जुळवा. लेबलपेक्षा तुम्ही सातत्याने एका अंकाने कडक असाल तर काही बिघडलं नाही, तो एक अंक कायम मिळवता येतो. कधी कडक, कधी सैल, तर मिळवायचं काय?

माझ्या यादीत पहिल्यांदा २० पैकी ९ नाण्यांचे आकडे जुळले. कारण शोधताना दिसलं की चुकलेली बहुतेक नाणी यादीच्या शेवटी होती. डोळे थकले होते, शिवाय चार रद्दी नाण्यांनंतर आलेलं बरं नाणं मला अप्सरा वाटत होतं. तेव्हापासून एका बैठकीत बाराच, आणि मध्ये वजनमापांपैकी एक पुन्हा पाहतो.

तिसरं, प्रत्येक टांकसाळीची वेगळी यादी ठेवा. न्यू ऑर्लिन्सचा ६४ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा ६४ शेजारी ठेवले तर जुळे दिसणार नाहीत, कारण छापाला थोडी सूट त्या टांकसाळीकडे बघून मिळते. एकाच यादीत मिसळलंत तर तुमची मोजपट्टी ताणलेल्या रबरासारखी होईल.

भारतात बसून शिकणाऱ्यांसाठी

डॉलर हातात यायला वेळ लागेल, पण घरच्या डब्यात पंचम जॉर्जचा १९१८ चा रुपया असेल तर सराव त्याच्यावर करा. चक्र, उंच जागा, पुसल्याच्या रेघा, पाण्यातलं वजन, सगळं तसंच चालतं, ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास वाढतो. या दोन नाण्यांचं नातंही आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारची चांदी संपत आली. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळवले, त्यातल्या जवळपास २६ कोटींची चांदी ब्रिटनने इथे रुपये पाडण्यासाठी घेतली. किती डॉलर कोणत्या वर्षाचे गेले याची नोंद ठेवली नव्हती.

तुमच्याकडचा रुपया मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात असेल तर आजच बाहेर काढा. त्या पाकिटातून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून निघतो, न घासता, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात सुगंध आणि तेल असतं.